जैसलमेरच्या वाळवंटात माळढोकाच्या भेटीला



शेतकरी माणसाची सहल म्हणजे पंढरपूर, तुळजापूर, आणि फार तर काशी-रामेश्वर. मुद्दाम वाट वाकडी करून वाळवंट पाहायला कोण जाईल? "ज्या दुष्काळाला आपण जन्मभर तोंड दिलं, तोच पाहायला पदरचे पैसे खर्चून जायचं?" असे आमच्या सौभाग्यवतींनी मला विचारले, तेव्हा मलाही चटकन उत्तर सुचले नाही.

खरे कारण होते एक पक्षी. माझी सगळी नोकरी सोलापूर जिल्ह्याच्या कोरडवाहू भागात गेली. कृषी विस्तार अधिकारी म्हणून नवा लागलो, तेव्हा नान्नजच्या बाजूला मोटारसायकलवरून जाताना माळावर एक भला मोठा पक्षी पाहिला होता. मान ताठ, डोक्यावर काळी टोपी, चाल एखाद्या पाटलासारखी. सोबतचा शेतकरी म्हणाला, "साहेब, माळढोक हाय त्यो." या पक्ष्यासाठी आपल्याकडे 1979 मध्ये अभयारण्य झाले. तरीही पुढे तो दिसेनासा होत गेला. आज आपल्या माळावर माळढोक दिसला तर त्याची वर्तमानपत्रात बातमी होते. निवृत्ती जवळ येत चालली आहे. त्याआधी तो एकदा डोळे भरून पाहावा, असे मनाने घेतले. आता तो मुख्यतः राहिला आहे राजस्थानातल्या जैसलमेर जिल्ह्यात. म्हणून गेल्या डिसेंबरात आम्ही उभयता निघालो. तिथे पक्षी दिसला, पण त्याच्याबरोबर आणखीही बरेच काही दिसले. तेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

दसऱ्याची शमी

मुंबईहून रेल्वेने जोधपूर गाठले. तिथे 'काझरी' ही कोरडवाहू आणि वाळवंटी शेतीवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था 1959 पासून काम करते आहे. आमच्यासारख्या शेती शिकलेल्यांना ती पंढरीच! तिथून जैसलमेर पावणेतीनशे किलोमीटरच्या वर आहे. वाटेत पोखरण लागते. 1974 आणि 1998 चे अणुस्फोट झाले, तेच हे पोखरण.

जसजसे पश्चिमेला जावे तसतशी झाडे ठेंगणी आणि विरळ होत जातात. पण एक झाड सोबत सोडत नाही. तिकडे त्याला खेजडी म्हणतात. मी सौ.ना म्हणालो, "ओळखा पाहू." त्यांनी पान हातात घेऊन पाहिले आणि म्हणाल्या, "ही तर आपली शमी! दसऱ्याला पुजतो ती." अगदी बरोबर. आपल्याकडे शमी वर्षातून एकदा आठवते, तिथे ती घर चालवते. तिचा पाला शेळ्या-उंटांना, कोवळ्या शेंगांची म्हणजे सांगरीची भाजी माणसांना. मुळे खोल जातात, सावली विरळ पडते, आणि जमिनीला नत्र मिळते. म्हणून शेतात खेजडी उभी असली तर तिच्याखाली बाजरी उलट चांगली येते. आपण बांधावरचे झाड सावली पडते म्हणून तोडतो, ते लोक शेताच्या मधोमध ते राखतात. जोधपूरजवळच्या खेजडली गावी 1730 मध्ये राजाची माणसे ही झाडे तोडायला आली, तेव्हा अमृतादेवी आणि त्यांच्यामागून मिळून 363 बिश्नोई स्त्री-पुरुषांनी झाडांना मिठी मारून प्राण दिले. झाडाची किंमत तिथे अशी मोजली गेली आहे.

हे उद्यान म्हणजे नुसती वाळू नव्हे

मरुभूमी राष्ट्रीय उद्यान 1980 च्या सुमारास जाहीर झाले. क्षेत्र 3,162 चौरस किलोमीटर, जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत पसरलेले. नाव राष्ट्रीय उद्यान असले तरी कायद्याने ते अभयारण्य आहे. त्याच्या हद्दीत गावे आहेत, ढाण्या म्हणजे वस्त्या आहेत, शेते आहेत, मेंढरांचे कळप आहेत. फाटक ओलांडले की माणूस संपला आणि जंगल सुरू झाले, असे तिथे नाही.

चित्रात पाहतो तशा वाळूच्या टेकड्या तिथे आहेतच. जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटरवर सम नावाच्या गावी प्रवाशांची झुंबड उडते, उंटावर बसून सूर्यास्त पाहतात. आम्हीही पाहिला. पण या टेकड्या उद्यानाचा एक हिस्सा आहेत. बाकी सारी कठीण खडकाळ भुई, मुरमाड पठारे, खारट सखल जागा आणि गवताळ माळ. मी तर पाहून चकितच झालो. काही ठिकाणी वाटावे, आपण मोहोळ-बार्शीच्या माळावर उभे आहोत!

पाऊस मात्र आपल्या निम्म्यानेही नाही. सोलापूर भागात वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी आपण कपाळाला हात लावतो. जैसलमेरला सरासरी दोनशेच्या आत. त्यातही एखादे वर्ष कोरडेच. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि डिसेंबरातल्या रात्री आम्हाला दोन दोन रजया पुरल्या नाहीत.

पावसाविना गहू

जैसलमेरहून समच्या वाटेवर कुलधरा नावाचे ओसाड गाव लागते. पालीवाल ब्राह्मणांचे हे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते सोडून गेले. दिवाणाच्या जुलमाला कंटाळून एका रात्रीत चौऱ्याऐंशी गावे रिकामी झाली अशी लोककथा सांगतात. प्रवासी तिथे पडक्या भिंती आणि भुताखेतांच्या गोष्टींसाठी जातात. मी मात्र तिथे एक वेगळीच गोष्ट शोधत होतो, ती म्हणजे खडीन.

खडीन म्हणजे काय? खडकाळ उंचवट्यावरचे पावसाचे पाणी वाहत जिथे सखल जमिनीवर येते, तिथे उताराच्या खालच्या अंगाला मातीचा लांबलचक बांध घालायचा. त्याला जादा पाण्यासाठी सांडवा ठेवायचा. आषाढ-श्रावणात जे दोन-चार पाऊस होतील, त्यांचे पाणी गाळासकट त्या शेतातच तुंबते. काही मुरते, काही उडून जाते. दिवाळीच्या सुमारास जमीन उघडी पडली, वाफसा आला, की तिच्यात गहू नाही तर हरभरा पेरायचा. पुढे पाण्याचा एक थेंब द्यावा लागत नाही. मुरलेल्या ओलीवर पीक निघते. एक एकर खडीनीला पाणी पुरवायला वरचे दहा-पंधरा एकर रान लागते. ते रान नांगरायचे नाही, त्यावर माती लोटायची नाही, त्याला पाणी वाहण्यासाठीच ठेवायचे. पालीवालांनी ही रीत सुमारे पाचशे वर्षांपूर्वी बसवली. त्यांची गावे ओस पडली, पण खडिनी आजही पिकतात.

मी बांधावर उभा राहून तो हिरवा हरभरा पाहत होतो. आपण समतल चर खणतो, नालाबांध घालतो, शेततळी करतो. ते सारे चांगलेच आहे. पण आपल्या डोक्यात असते की प्रत्येक गुंठा पिकाखाली आला पाहिजे. इथे दहा एकर मोकळे ठेवून एका एकराचे पीक खात्रीने घेतात. हे गणित कागदावर मी शिकवले होते. डोळ्यांनी त्या दिवशी पाहिले.

पाण्याला कुलूप

दुपारी आमच्या गाडीवानाने ओळखीच्या एका ढाणीवर नेले. गोल मातीच्या झोपड्या, वर गवताचे छप्पर, अंगण शेणा-मातीने सारवून लखलखीत. अंगणापलीकडे जमिनीत बांधलेला एक गोल हौद होता. त्याला टांका म्हणतात. भोवतीची जमीन चोपून, उतार देऊन अशी केलेली की पावसाचा थेंब नि थेंब टांक्यात उतरावा. त्या उतारावर कुणी चपला घालून जात नाही. टांक्याला लोखंडी झाकण आणि झाकणाला कुलूप! सौ. माझ्या कानाशी म्हणाल्या, "दागिन्यांच्या डब्याला कुलूप पाहिलं होतं, पाण्याला आजच पाहिलं." घरातल्या सूनबाईंनी कुलूप काढून पोहऱ्याने पाणी शेंदले आणि आधी आम्हाला दिले. त्या पाण्याचा घोट घेताना माझा हात जरा थरथरला, हे लपवत नाही.

जेवायला बाजरीची जाड भाकरी, तूप, ताक आणि केर-सांगरीची भाजी. केर म्हणजे आपल्याकडची नेपती. तिची फळे आणि शमीच्या शेंगा वाळवून वर्षभर ठेवतात. भाजी बाजारातली नाही, रानातली. सौ.नी शेंगा भिजवायची रीत विचारून घेतली.

दावणीला पांढऱ्या थारपारकर गाई होत्या. थोड्या चाऱ्यावर, कडक उन्हात तग धरून दूध देणारी ही जात. त्यांचा मुख्य चारा सेवण नावाचे गवत. त्याचे ठोंब वाळूत खोल मुळ्या सोडतात, वाळू धरून ठेवतात आणि एकदा रुजले की वर्षानुवर्षे फुटत राहतात. घरचे आजोबा म्हणाले, "ट्रॅक्टर आला तसा लोक माळ नांगरायला लागले. नांगराने सेवणचे ठोंब उपटून येतात. एक-दोन वर्षे ग्वार, मोठ येते. मग पाऊस चुकतो आणि पीकही नाही अन् गवतही नाही. नुसती वाळू उडते."

त्यांच्या गावाची एक ओरण होती. ओरण म्हणजे देवीच्या नावाने राखलेले कुरण, आपल्याकडे देवराई असते तसे. तिथे गुरे चरतात, पण कुऱ्हाड आणि नांगर चालत नाही. अशा कित्येक जमिनी सरकारी दप्तरात 'पडीक' म्हणून नोंदलेल्या आहेत, आणि पडीक म्हटले की ती कुणालाही देता येते. हा 'पडीक' शब्द ऐकून माझ्या मनात काहीतरी रुतले. का, ते पुढे सांगतो.

अखेर भेट झाली

दुसऱ्या दिवशी पहाटे सुदासरीला गेलो. तिथे गवताळ माळाला जाळीचे कुंपण घालून माळढोकासाठी निवांत जागा राखली आहे. परवाना जैसलमेरच्या वनखात्याच्या कार्यालयातून आधी काढला होता. वनरक्षकाने दुर्बीण दिली आणि म्हणाला, "बोलू नका. दिसला तर नशीब."

आधी चिंकारे दिसले. दवावर आणि पाल्यातल्या ओलाव्यावर गुजराण करून दिवसेंदिवस पाण्याशिवाय राहणारे हे हरीण. मग पखुर्डीचा थवा आला. या पक्ष्याचा नर पाणवठ्यावर पोटाची पिसे भिजवून कोसच्या कोस उडत जातो आणि पिल्ले ती पिसे चोखून तहान भागवतात. सूनबाईंचा पोहरा मला आठवला.

आणि मग सौ.नीच माझी बाही ओढली. दूर गवतात तीन तपकिरी ठिपके. दुर्बीण लावली. तीच ताठ मान, तीच काळी टोपी, तीच पाटलाची चाल! उंची मीटरभर. पूर्ण वाढलेला नर पंधरा किलोपर्यंत भरतो. एवढ्या वजनाचे उडणारे पक्षी जगात थोडेच आहेत. तो सावकाश चालत गवतातले टोळ, नाकतोडे, भुंगेरे टिपत होता. म्हणजे आपलाच मित्र, फवारणीचे पैसे न घेणारा. अर्धा तास आम्ही बसून होतो. सौ. म्हणाल्या, "लग्नानंतर पहिल्यांदा तुम्ही इतका वेळ गप्प बसलात."

राजस्थानने याला 1981 मध्ये राज्यपक्षी केले. तिकडे त्याचे नाव गोडावण. देशभरात मिळून आता दीडशेच्या आसपासच उरले असावेत, असा जाणकारांचा अंदाज आहे. मादी एका वेळी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. मोकाट कुत्रे, कोल्हे, गुरांचे पाय, यांतून ते वाचले तर पिल्लू. आता समला 2019 पासून पैदास केंद्र चालते. रानातली अंडी आणून यंत्रात उबवतात. 2024 मध्ये तिकडे कृत्रिम रेतनातून पिल्लू जन्मले. गाई-म्हशींचे कृत्रिम रेतन तुम्ही रोज पाहता. माळढोकाला त्या वाटेने जावे लागावे, यावरून त्याची दशा ओळखावी.

परतताना संध्याकाळी क्षितिजावर पवनचक्क्यांच्या रांगा आणि विजेच्या तारा दिसल्या. माळढोकाची नजर बाजूला तेज, पण उडताना समोरचे त्याला नीट दिसत नाही. जड देह ऐनवेळी वळवता येत नाही आणि तो तारेवर आदळतो. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये त्याच्या मुलखातल्या तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. 2024 मध्ये, सगळीकडे सरसकट हे करणे अवघड आहे असे पाहून, मार्ग सुचवायला तज्ज्ञांची समिती नेमली. वीज नको असे मी कसे म्हणू? आपल्या पंपाला ती हवीच. पण दिवा आपल्या घरी लागतो आणि तार कुणाच्या तरी वाटेत असते, एवढे ध्यानात ठेवावे.

मनातला सल

आता ते राहिलेले सांगतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. एका गावी एका धनगर बाबांचा बारा एकर मुरमाड माळ होता. गवत चांगले होते, मेंढरे होती. मी नवा, उत्साही. त्यांना म्हणालो, "बाबा, पडीक कशाला ठेवता? मोडा माळ, बोअर घ्या, फळबाग लावा." त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. पहिली तीन-चार वर्षे बरी गेली. मग बोअर आटले. खाली मुरूम, वर ऊन. बाग वाळली. मेंढरे आधीच विकली होती. जमीन ना माळ राहिली, ना शेत. बाबा मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. भेटले की "या साहेब" म्हणून पाणी पुढे करायचे. ते आता नाहीत.

खात्यातल्या कुणालाच मी दोष देत नाही. सल्ला माझा होता. पुस्तकात होते तेवढे मी सांगितले. माळ हेही एक पीकच आहे, त्याचे उत्पन्न लोकर, दूध, मांस आणि मुरलेले पाणी या रूपाने येते, हे मला कळले नव्हते. ते जैसलमेरच्या आजोबांना शाळेत न जाता कळले होते.

म्हणून मंडळी, ज्याला आपण ओसाड म्हणतो त्याच्याकडे एकदा नीट पाहा. गावचे गायरान असेल तर त्याचा उकिरडा करू नका. माळाला वणवा लावू नका. उताराच्या वरचे रान सगळेच नांगराखाली घेऊ नका, त्यातूनच खालच्या विहिरीला पाझर मिळतो. बांधावरची शमी, बोर, हिवर उभी राहू द्या. आणि मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त करा. ती मेंढरांची कोकरे मारतात, तशीच जमिनीवरची अंडीही खातात.

जायचे असेल तर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. गहू-हरभरा पेरून झाला की निघावे. गरम कपडे आणि ओळखपत्र जवळ ठेवावे. मुलूख सरहद्दीजवळचा आहे. उद्यानाचा परवाना जैसलमेरलाच काढावा. सुदासरीला शक्य तेवढ्या पहाटे पोहोचावे. जैसलमेरपासून सतरा किलोमीटरवर आकल येथे झाडांचे दगड झालेले ओंडके आहेत. सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वी तिथे घनदाट अरण्य होते! मुलांना ते जरूर दाखवावे. ढाणीवर गेलात तर टांक्याच्या उतारावर चपला घालून जाऊ नका, आणि दिलेले पाणी पेल्यात उरवू नका.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी मी त्या धनगर बाबांच्या मुलाकडे गेलो. वाळलेल्या बागेतली चार एकर जमीन मोकळी ठेवावी, कुंपण करावे, दोन पावसाळे चराई बंद करावी, मारवेल आणि पवन्याचे बी टाकावे, असे त्याला सुचवले. बी मी आणून देतो म्हणालो. त्याने ऐकून घेतले, चहा मागवला आणि हसत म्हणाला, "साहेब, माळ मोडायला बी तुम्हीच सांगितलं, अन् राखायला बी तुम्हीच!"

मी म्हणालो, "होय. पहिलं चुकलं होतं."

तो जरा वेळ बांधाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "चार नको, दोन एकरापासून बघू."

मृगाच्या आधी बी पोहोचते करायचे आहे.